पिठाचा कोंबडा

दशलक्षण पर्वातले पहिले नऊ दिवस बोलायला सोपे असतात. क्षमा, मार्दव, आर्जव, शौच यांवर कोणीही बाई उभी राहून दहा मिनिटं बोलून जाते. दहावा दिवस उत्तम ब्रह्मचर्याचा. त्या दिवशी कोण बोलणार म्हटलं की आमच्या मंडळात सगळ्या एकमेकींकडे बघतात. 2018 साली तो दिवस माझ्या गळ्यात पडला. अनंत चतुर्दशी, 23 सप्टेंबर, त्यातून रविवार, म्हणजे घरी राहायला निमित्तही नाही.

मंडळ आमचं लहानसंच. भोपाळात नोकरीनिमित्त येऊन इथलेच झालेल्या वऱ्हाड-नागपूरकडच्या जैन घरांतल्या तीस-पस्तीस बायका. निम्मं बोलणं मराठी, निम्मं हिंदी. व्रताची व्याख्या सांगून दहा मिनिटं काढावीत असं आधी मनात होतं. स्वदारसंतोष म्हणजे काय, अतिचार किती, झालं. पण व्याख्या कोण ऐकतं? मी गोष्ट सांगायची ठरवली. कारंज्याला माझ्या आजीने चातुर्मासात सांगितलेली, यशोधर राजाची.

ही गोष्ट आपल्याकडे फार जुनी. सोमदेवसूरींचं संस्कृत 'यशस्तिलक' 959 सालचं. पुष्पदंताने ती अपभ्रंशात सांगितली, जन्नाने 1209 मध्ये कन्नडात, आणि आपल्या जुन्या मराठीत मेघराजाने तिचा रास रचला. राजा उज्जयिनीचा, म्हणजे आमच्या शेजारचाच. भोपाळहून सकाळी निघालं तर दुपारच्या जेवणाला उज्जैन.

जन्नाने सांगितलेली गोष्ट थोडक्यात अशी. राणी अमृतमती. रूप, मान, प्रेम करणारा नवरा, सगळं आहे. एका रात्री हत्तीखान्याकडून गाण्याचा आवाज येतो आणि तिचं मन त्या आवाजावर जातं. गाणारा माहूत वेडावाकडा, कुरूप. तरी ती जाते, रोज रात्री जाते. एका रात्री राजा तिच्या मागोमाग जाऊन सगळं पाहतो. तिला यायला उशीर झाला म्हणून माहूत तिला मारतो आणि राणी त्याचे पाय धरते, हेही पाहतो. तलवार उपसतो आणि पुन्हा म्यानात घालतो.

इथवर मी सांगितलं तेव्हा सभागृहात पंख्यांचा आवाज ऐकू येत होता. नऊ दिवसांत एवढी शांतता झाली नव्हती. मला बोलायला चेव आला, खोटं कशाला सांगू.

तेवढ्यात मागच्या रांगेतून एका काकूंनी विचारलं, "तो माहूत गात काय होता?"

एक क्षण कोणीच बोललं नाही. मग पुढची एक तरुण सून फिसकन हसली आणि सगळ्याच हसल्या. मीही हसले. वर म्हणाले, "काकू, ते महत्त्वाचं नाही हो," आणि पुढे गेले. काकू साठी ओलांडलेल्या, कधी फारसं न बोलणाऱ्या. त्यांनी पदर सारखा केला आणि खाली बघत बसल्या.

पुढची गोष्ट तुम्हांला ठाऊक असेल. सकाळी आई चंद्रमती विचारते, बाळा, तोंड का उतरलं? राजा खरं सांगत नाही, वाईट स्वप्न पडलं म्हणतो. आई म्हणते, देवीला बळी दे. तो म्हणतो, जीव मारणार नाही. मग मायलेक तोडगा काढतात: पिठाचा कोंबडा करू आणि तो कापू. जन्नाच्या काव्यात घाव बसताच तो पिठाचा कोंबडा आरवतो. पुढे राणी दोघांना विष घालते आणि मायलेक मोर, कुत्रा, मासा, बोकड अशा योनींतून फिरत राहतात. राणीच्या पापासाठी नाही, त्या कोंबड्यासाठी. जीव नव्हता तरी मारण्याचा भाव खरा होता. गोष्टीचा उपदेश हिंसेबद्दल आहे, व्यभिचाराबद्दल नाहीच.

पण त्या संध्याकाळी बाहेर चपला घालताना कोंबड्याचं नाव एकीनेही काढलं नाही. सगळं बोलणं राणीचं. "एवढा राजा सोडून माहूत?" "ऐसी औरतें होती हैं, भाभी." आणि एकीने घड्याळ बघून म्हटलं, चला, आठ वाजले. आठला 'माझ्या नवऱ्याची बायको' असायची. 2016 ते 2021 अशी सुमारे साडेचार वर्षं ती मालिका चालली. आमच्या घरांना तर ती वेळ सोयीचीच. सूर्यास्ताआधी जेवणं आटोपलेली, ओटा पुसून कोरडा, आठ वाजता बाई मोकळी. राधिका नागपूरकडची, आमच्यासारखी बोलणारी, मसाले करणारी. तिचा नवरा गुरुनाथ शनायाच्या मागे. शनायाला पडद्यावर कोणी टाकून बोललं की आमच्या बैठकीत टाळी पडायची. मी स्वतः दिली आहे.

त्या टाळीचा विचार मी नंतर पुष्कळ केला. आपल्याकडे विकथा टाळायला सांगितल्या आहेत आणि त्यांत स्त्रीकथा आहे. शिवाय पाप तीन तऱ्हांनी लागतं: कृत, कारित आणि अनुमोदना. स्वतः केलं, दुसऱ्याकडून करवलं, किंवा दुसऱ्याच्या करण्याला मनातून हो म्हटलं. मग अशी कादंबरी रात्री जागून वाचणारी बाई कशाला हो म्हणते? सगळे समजतात, त्या सुखाला. फ्रान्समध्ये 1857 साली 'मादाम बोव्हारी'वर खटला झाला, तेव्हा सरकारी वकिलाला हीच चिंता होती की पुस्तक मुलींच्या आणि लग्न झालेल्या बायकांच्या हातात पडेल. लेखक सुटला. वकिलाचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. वाचताना आपण पात्रासोबत जिना उतरतो, दार हळूच लावतो, हे मी नाकारणार नाही. शुकसप्ततीतला पोपट, मराठीत ज्याची शुकबहात्तरी झाली, तो तर हेच हेरून बसलेला. नवरा परगावी गेलेली प्रभावती रात्री घराबाहेर निघते. पोपट तिला नीतिपाठ देत नाही, दुसऱ्या बायकांच्या असल्याच गोष्टी सांगतो. ऐकता ऐकता रात्र सरते आणि तिचं जाणं राहतं. सत्तर रात्री. बिघडवणारी म्हणतात तीच गोष्ट इथे उंबरठ्यावर आडवी पडते.

तेव्हा राणीबरोबर रात्री चालत जाण्याची मला फारशी भीती वाटत नाही. माणसाच्या मनात काय काय असतं ते तिथे कळतं. मला भीती वाटते ती टाळीची. टाळी दुसऱ्या जागेवरून येते, जिथे आपण हातात सुरी घेऊन बसलेल्या असतो. घरातला राग, न सांगितलेला अपमान, नवऱ्याने वीस वर्षांत एकदाही न विचारलेला प्रश्न, हे सगळं आपण त्या शनायावर नाहीतर त्या राणीवर काढतो. ती खरी नाही, तेव्हा कुणाला लागणार? यशोधरही असंच म्हणाला होता. मारायचं होतं एकाला, कापला कोंबडा, तोही पिठाचा.

त्या रविवारनंतर चारच दिवसांनी, 27 सप्टेंबरला, सर्वोच्च न्यायालयाने कलम 497 रद्द केलं. आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर धुमाकूळ. आता मोकळं रान झालं म्हणे. मुळात त्या कलमात शिक्षा फक्त पुरुषाला होती, तीही दुसऱ्याच्या बायकोशी संबंध ठेवला तर, आणि तक्रार त्या बाईच्या नवऱ्याने करायची. ज्या बाईचा स्वतःचा नवरा बाहेर जात होता, तिला त्या कलमाने कधीच काही दिलं नव्हतं. मी ग्रुपवर एवढंच लिहिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी काकू घरी आल्या. कधी न येणाऱ्या. पाणी घेतलं, चहा नको म्हणाल्या. मग म्हणाल्या, "तू लिहिलंस ते बरोबर आहे गं. मी तेव्हा वकिलाला विचारलं होतं."

त्यांच्या मिस्टरांची नोकरी बदल्यांची. मधली नऊ वर्षं ते दुसऱ्या गावी राहिले, मुलांच्या शाळेसाठी काकू भोपाळातच. तिथे त्यांचं दुसरं घर होतं. काकूंना दुसऱ्याच वर्षी कळलं. माहेरी सांगितलं नाही, सासरी माहीत होतं असं आता वाटतं. पुढे बदली इकडे झाली, ते परत आले, एकत्र पूजेला बसले, मुलांची लग्नं झाली. वारले त्यालाही सहा वर्षं झाली. एकदाही विषय निघाला नाही.

"ती दिसायला बरी नव्हती," काकू म्हणाल्या. "मी फोटो पाहिला होता. म्हणून मला वाटायचं, हे काय ऐकायला जात असतील तिथे? काहीतरी असेल ना, जे माझ्याकडे नव्हतं. तुझी गोष्ट ऐकताना वाटलं, पोथीत लिहिलं असेल. म्हणून विचारलं."

आम्ही सगळ्या समजलो होतो, म्हातारीला राणीची गंमत वाटते आहे. ती बसली होती राजाच्या जागेवर, दाराआड, अंधारात. तीस-पस्तीस बायकांत त्या जागेवर बसलेली कदाचित ती एकटीच, किंवा अजूनही कोणी असतील. आम्ही हसलो तेव्हा त्यांनीही तोंड मिटून घेतलं असेल. मी माफी मागितली. क्षमावाणीला मी सगळ्यांना हात जोडले होते, यांनाही जोडले होते, पण कशासाठी ते माहीत नव्हतं.

"तुम्ही ती मालिका बघता?" मी विचारलं. काय बोलावं सुचत नव्हतं म्हणून.

"नाही. त्यात रोज कोणाचं तरी भांडण. माझ्या घरात कधी आवाजच झाला नाही."

नंतर मी जवळची पुस्तकं काढली. कारंज्याहून भावाला एक-दोन मागवायला लावली. जे मला वाचता आलं त्यात आवाज गोड होता, रात्रीची वेळ होती, राणी जागी होती, एवढंच सापडलं. शब्द कुठे नव्हते. मी काकूंना फोन करून तसं सांगितलं.

"नाहीच का," त्या म्हणाल्या. थोडं थांबून म्हणाल्या, "पुढच्या वर्षी पुन्हा सांगशील तेव्हा तिथे जरा हळू सांग. तू फार भरभर गेलीस."