गमभन आणि तिरकी रेघ

ठाणे जिल्ह्यातल्या शहाडला जून उजाडला की चाररेघी वह्यांची खरेदी, आणि दिवाळीच्या आत घरोघरी तक्रार: ‘याचा हातच वळत नाही हो.’ हा ‘याचा’ बहुधा जेमतेम चार वर्षांचा असतो.

माझ्या मते इथे हात बिचारा उगाच बोलणी खातो. समोरची आकृती नीट दिसणे आणि ती कागदावर उतरवणे, यांची सांगड वयाप्रमाणे बसते. गोल तिसऱ्या वर्षाच्या आसपास जमतो, अधिकचे चिन्ह चौथ्या, चौकोन साडेचार-पाचला, त्रिकोण पाचच्या सुमारास. पतंगाचा आकार सहा-सातला. कीथ बीरी आणि नॉर्मन बक्टेनिका यांची १९६७ची चाचणी अशाच चढत्या क्रमाने आकृत्या उतरवायला देते. तिरकी रेघ उशिरा येते, कारण तिच्यात हात खालीही न्यायचा असतो आणि त्याच वेळी बाजूलाही.

म्हणूनच आपले जुने गमभन मला शहाणे वाटते. कखग हा क्रम तोंडाचा, गमभन हाताचा. चारही अक्षरांना उजवीकडे तोच उभा दंड. नवे वळण तेवढे डावीकडे.

शहाडच्या पोरांना तर दोन लिप्यांचा जाच. शाळेत रोमन अक्षर खालच्या रेघेवर बसवायचे, घरी आजीपुढे देवनागरी वरच्या रेघेला टांगायचे. त्यात बी आणि डी एकमेकांचे आरसे.

आमच्या शेजारची एक मुलगी फळ्यावरून ‘इ’ उतरवून घेत होती. पाय खुर्चीवरून लोंबकळत होते. मान वर, मान खाली. दर खेपेला पेन्सिल भलतीकडेच टेके आणि वळण तुटे. तीच मुलगी दारात चार ठिपक्यांची रांगोळी मात्र न चुकता जोडते. तिथे पुढचा ठिपका बोटाशेजारीच असतो, नजरेला फळ्यापर्यंत हेलपाटे नाहीत. मग घरच्या वहीत ठिपके द्यायला काय हरकत आहे? ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५मध्ये बोर्डीला, म्हणजे तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातच, बालशिक्षणाचे काम सुरू केले, तेही आसपास सापडणाऱ्या वस्तू मुलांच्या हाती देऊन.

यावर पालकांचे उत्तर ठरलेले: ‘पण समोरच्यांची पूर्ण नाव लिहिते!’ लिहीत असेल. सातव्या वर्षीही चौकोनाचे कोपरे जमेनात, तर मात्र थांबू नये. आधी डोळे तपासून घ्यावेत, मग ऑक्युपेशनल थेरपिस्टला दाखवावे.