दोन वजनं, एकच रीडिंग

हे रजिस्टर कोणी भरलंय? हात वर करू नका, अक्षर ओळखते मी. सोमवारी डायक्रोमेट तोललं ५८.१ मिलिग्रॅम, गुरुवारी ६२.४. दोन्ही वेळा द्रावण एक लिटर. आणि २५७ नॅनोमीटरला अ‍ॅब्सॉर्बन्स? दोन्ही दिवशी ०.८६७! पहिलं ०.८४च्या आसपास यायला हवं, दुसरं ०.९०च्या. बिअरचा नियम परीक्षेत घडाघडा लिहिता ना? नक्कल करायलासुद्धा थोडं गणित लागतं बाळांनो.

"मॅडम, मशीन सुरू होताना स्वतःच चेक करतं," हे मला ऐकवू नका. ते आपल्याच ड्युटेरियम दिव्याची ६५६.१ची रेषा शोधतं आणि गप्प बसतं. तिकडे लालात बरोबर आलं म्हणून इकडे अतिनील भागातही बरोबरच असेल, हे कोणी ठरवलं? होल्मियमचं द्रावण कशाला आणलंय? २४१.१५, २८७.१५, ३६१.५, ५३६.३. चारही शिखरं बघायची.

पोटॅशियम क्लोराइडचा रकाना तर कोराच. १.२ टक्के द्रावण, २०० नॅनोमीटर, अ‍ॅब्सॉर्बन्स दोनच्या वर. एवढंच तर आहे! दोनच्या खाली आला म्हणजे आत भटका प्रकाश फिरतोय. मग औषध असतं त्यापेक्षा कमी दिसतं, आणि तुम्ही धडधाकट बॅच नापास करून मोकळे.

आता झाकण उघड. ते पिवळं काय वाळलंय तळाला? क्युव्हेट तशीच आत ठेवून घरी गेलात. क्वार्ट्‌झची आहे ती. आणि पारदर्शक बाजूवर हे कोणाच्या बोटांचे ठसे? सिलिका जेलकडे बघा, निळ्याचं गुलाबी झालंय. बाहेर कोकणातला जुलै कोसळतोय, नि मशीनवर साधं कव्हरही नाही. आतल्या आरशावर एकदा बुरशी चढली की पुसायची सोय नसते, मुलामाच निघून येतो. मग नवा आरसा मागवायचा आणि पुढची प्रॅक्टिकल्स फळ्यावर करायची.

रडू नकोस, वेळ नाही. तू सिलिका ओव्हनमध्ये टाक. तू दिवे लाव, अर्धा तास तापू देत. तुम्ही दोघं डायक्रोमेट १३०ला सुकवून नव्यानं तोला, ५७ ते ६३च्या मधे. आणि जुन्या नोंदींना व्हाइटनर लावायचा नाही. आडवी एक रेघ, शेजारी कारण, सही, तारीख. कारण म्हणून 'न मोजता लिहिलं' एवढंच लिहायचं.