एक शिपाई कमी

लखनौच्या आलमबागेतल्या एका मराठी घरात यंदा दिवाळीचा किल्ला अंगणात मातीचा झाला नाही, टेबलावर थर्माकोलचा झाला. नातवाने शिवनेरी नाही, मच्छी भवन केलं. चिनहटची लढाई हरल्यावर इंग्रजांनी १ जुलै १८५७ च्या रात्री हा किल्ला सोडला आणि स्वतःच सुरुंग लावून उडवला. शेजारच्या मित्राबरोबर फासे टाकून तोच प्रसंग खेळायचा होता.

स्फोटावर तीन संध्याकाळी गेल्या. पुठ्ठ्याच्या चकतीवर लुकलुकणारा बॅटरीचा दिवा, भोवती कापूस. इन्स्टंट ग्लूची नळी आजोबांनी काढून घेतली. "कापसावर पडला की तापतो तो, धूर निघतो. फेव्हिकॉल घे, वाळेपर्यंत दम धर." कापूस बुडाशी पिंजून विरळ केला, उजेड यावा म्हणून, वर गच्च. बुडाला पिवळा रंग, मग नारिंगी, शेंड्याला काळा. दिवा लागला आणि इंचभर शिपायांच्या डोक्यावर आगीचा लोळ खरोखर हलू लागला. आजोबाही बघत राहिले.

डाव संपला. आवरताना डब्यात बावीसऐवजी एकवीसच शिपाई भरले. शोधाशोध झाली, तेव्हा बाविसावा कापसाच्या तळाशी सापडला. खांद्याला काळा रंग लागलेला.

"एकच तर राहिला होता," नातू म्हणाला.

"त्या रात्रीही एकच राहिला होता," आजोबा म्हणाले. "मध्यरात्री सगळे गुपचूप इंग्रजांच्या रेसिडेन्सीकडे निघाले. आजारी माणसं, नेता येईल ते सगळं नेलं. बत्तीस नंबरच्या पलटणीचा एक गोरा नशेत कोपऱ्यात झोपलेला. त्याला कुणी मोजलंच नाही. मागे दारूगोळ्याचं कोठार उडालं. रेसिडेन्सीच्या वेढ्यातल्या लोकांनी लिहून ठेवलंय, सकाळी तो आपल्या पायांनी चालत तिथे आला."

"पण तो तर इंग्रज होता!"

"होता ना. आणि त्याला विसरले ते त्याचेच लोक."

नातू गप्प झाला. थोड्या वेळाने त्याने विचारलं, "ती जागा आता कुठे आहे?"

"तुझ्या आजीला ॲडमिट केलं होतं ना, ते मेडिकल कॉलेज. तिथेच."

नातवाला ते दिवस आठवत होते. रात्री वॉर्डात नर्स यायची, एकेका खाटेपाशी थांबायची, चादर सारखी करायची आणि वहीत खूण करून पुढच्या खाटेकडे जायची.

दुसऱ्या दिवशी मित्र फासे खुळखुळवत बसला होता. "लाव ना दिवा!"

"थांब." नातवाने चकती बाजूला ठेवली. तटामागे, दरवाजात, विहिरीपाशी बोट फिरवत तो मोजू लागला. अठरा, एकोणीस, वीस... वाकून त्याने थर्माकोलच्या कमानीखाली पाहिलं.