मुलाम्याखालचा गंज

मनन करण्याचा शास्त्रभाग: मत्तय 23:25-28



कोंकणपट्टींत जून ते सप्टेंबर हे चार महिने हवा कशी असते हें तेथील मंडळ्यांस सांगावयास नको. मिठास पाणी सुटतें, पापड मऊ पडतात, आणि अंगणांतील मोटारसायकलीच्या चकचकीत चाकांवर तांबूस ठिपके उमटूं लागतात. मालक विस्मित होऊन मेस्त्रीस विचारतो, "ही रिम तर क्रोमची आहे, मग हिला गंज कसा चढला?" प्रश्न चाकाविषयींचा आहे खरा, पण त्यांत आपल्या आत्म्याच्या हिताची गोष्ट आहे, म्हणून आज तिचा विचार करूं.

प्रथम हें समजून घ्यावें कीं, येथें क्रोम गंजत नाहीं. गंजतें तें त्याच्याखालचें पोलाद. रिम पोलादाची असते; तिच्यावर निकेलचा थर देतात, आणि त्यावर क्रोमचा. हा वरचा थर बहुधा अर्ध्या मायक्रॉनाइतकाच, म्हणजे एका मिलिमीटरच्या दोन हजाराव्या भागाएवढा पातळ असतो. डोळ्यांस न दिसणाऱ्या भेगा व छिद्रें त्यांत असतात. हवेंतील दमटपणा शेंकडा 60 च्या वर गेला म्हणजे लोखंडाचें गंजणें फार वाढतें, आणि समुद्राकडील वाऱ्यांतलें मीठ त्यास साह्य करितें. जेथें निकेलचा थरही तुटला असेल तेथें ओल पोलादापर्यंत पोहोंचते. गंज मूळ लोखंडापेक्षां अधिक जागा व्यापतो. म्हणून तो मुलाम्यास खालून उचलतो, आणि एके दिवशीं पोपडा निघतो. पाहणारा म्हणतो, "कालपर्यंत तर चाक चांगलें होतें!" परंतु खालीं तें पुष्कळ दिवसांपासून खाल्लें जात होतें.

बाप्तिस्म्याचें नांव, रविवारची उपासना, गीतें, वर्गणी हीं सर्व चांगलीं आहेत. मुलामा ही कांहीं वाईट वस्तु नव्हे. पण चांगला कारागीर मुलामा देण्यापूर्वीं धातूवरील तेल, मळ व जुना गंज पूर्णपणें काढून टाकितो, कारण मळावर दिलेला मुलामा धरत नाहीं. पश्चात्तापावांचून घेतलेलें ख्रिस्ती नांवही असेंच होय.

आतां गंज कोठें सुरू होतो तें पाहा. जेथें फडकें पोहोंचत नाहीं तेथें: तारांच्या निपलांभोंवतीं, व्हॉल्व्हच्या भोंकापाशीं, आणि टायराच्या आड रिमच्या आंतल्या बाजूस. तेथें शिरलेलें पाणी लवकर वाळत नाहीं. बाहेरून रिम आरशासारखी दिसते, आणि आंत गंजाच्या खवल्यांनीं ट्यूब घासली जाऊन तिला भोंक पडतें. मग मागें बायको व पुढें लेंकरूं बसलेलें असतां भर रस्त्यांत चाकाची हवा जाते. हा शोभेचा प्रश्न नव्हे, जिवाचा प्रश्न आहे. आपल्या प्रभूनें शास्त्री व परूशी यांस ताटवाटीच्या दृष्टांतानें हेंच सांगितलें. बाहेरची बाजू स्वच्छ ठेवणें हा त्यांचा अपराध नव्हता. आंत लोभ सांठवून बाहेर घासीत बसणें हा अपराध होता.

आपल्या मंडळ्यांत ही आंतली बाजू कोणती? दोघे भाऊ शेताच्या बांधावरून वर्षानुवर्षें बोलत नाहींत, आणि एकाच बाकावर बसून प्रभुभोजनाची भाकर घेतात. कोणी मंडळीच्या पैशाचा हिशेब पुढें ढकलतो, आणि प्रार्थना मात्र सर्वांहून लांब करितो. कोणी सभेंत गोड बोलतो, आणि घरीं पत्नीवर हात उगारितो. हें मंडळीस दिसत नाहीं. पण देवास दिसतें, आणि घरच्यांसही दिसतें.

मग उपाय काय? गंज हलका असेल तर चाक गोड्या पाण्यानें धुवावें, म्हणजे मीठ निघून जाईल. नंतर पोळ्या गुंडाळण्याचा ॲल्युमिनियमचा पातळ कागद चुरगळून, पाण्यांत बुडवून, त्यानें हळूहळू घासावें. ॲल्युमिनियम क्रोमपेक्षां मऊ असल्यामुळें गंज निघतो, पण मुलामा ओरखडत नाहीं. मग कोरडें पुसून मेणाचा पातळ हात द्यावा, आणि पावसाळ्यांत हा क्रम वरचेवर चालू ठेवावा. उतावळा मनुष्य खरखरीत पॉलिश कागद किंवा तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल वापरतो. त्यानें गंजाबरोबर मुलामाही जातो. दुसरा ओल्याच गाडीवर ताडपत्री घट्ट बांधतो. त्यानें ओल आंत कोंडते व गंज वाढतो.

मंडळीच्या वडीलजनहो, चुकलेल्या भावाशीं वागतांना हीं दोन्हीं टोकें टाळा. गलतीकरांस पत्र 6:1 येथें पौल सौम्यतेचा मार्ग दाखवितो. चारचौघांत कठोर शब्दांनीं घासलें तर पापाबरोबर मनुष्यही हातचा जातो. परंतु ताडपत्री घालणें ही दया नव्हे. झांकलेलें पाप वाढतें, आणि ज्याच्यावर अन्याय झाला तो तसाच रडत राहतो. ज्या बहिणीस घरीं मार बसतो तिला "गप्प राहा, मंडळीची अब्रू जाईल" असें सांगणारा मंडळीची अब्रू राखीत नाहीं. तो गंज राखतो.

पोपडे निघालेल्या रिमवर चंदेरी रंग फासून भागत नाहीं. ती उतरवून, जुना मुलामा काढून, नवा चढवावा लागतो. धातूच खाल्ला गेला असेल तर रिमच बदलावी लागते. कोणतीही रिम आपणास नवी करूं शकत नाहीं, आणि आपणही नाहीं. पण यहेज्केल 36:26 येथें देवानें नव्या हृदयाचें वचन दिलें आहे, आणि तें ख्रिस्ताच्या वधस्तंभाच्या मोलानें आपणांस फुकट मिळतें. मात्र नवी रिमही पुढल्या पावसाळ्यांत जपावी लागते. तसेंच नवें हृदयही दररोज प्रार्थनेनें व वचनानें राखावें लागतें.

म्हणून पुढील प्रभुभोजनापूर्वीं बांधावरच्या भावाकडे जा. हिशेबाची वही पंचांपुढें उघडा. घरीं ज्यास दुखविलें त्याची क्षमा मागा व तें कृत्य सोडा. हे प्रभो, आमची आंतली बाजू तूं पाहतोस; ती आम्हांस दाखीव, आणि तूंच ती शुद्ध कर. आमेन.