मारका बैल आणि हातातला फोन



नवी गाडी घेतली की आपण ती प्रथम चर्चच्या आवारात आणता. रविवारच्या मिस्सानंतर मी प्रार्थना म्हणतो, पवित्र पाणी शिंपडतो आणि घरातील आई आरशाला रोझरी अडकवते. ही फार चांगली प्रथा आहे. परंतु अलीकडे माझे लक्ष आणखी एका गोष्टीकडे जाते. रोझरीच्या खालीच मोबाईल ठेवायचा स्टँड असतो आणि शेजारी छोट्या टीव्हीसारखा पडदा. गाणी, नकाशा, फोन सगळे त्यातच. मनात प्रश्न येतो, रस्त्यावर असताना चालकाचे लक्ष नेमके कोठे असेल?

मार्च 2025 मधील एक बातमी आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. दादर-स्वारगेट मार्गावरील ई-शिवनेरी बसचा चालक गाडी चालवता चालवता मोबाईलवर क्रिकेटचा सामना पाहत होता. एका प्रवाशाने त्याचे चित्रीकरण करून परिवहन मंत्र्यांपर्यंत पोहोचवले आणि त्या चालकाला बडतर्फ करण्यात आले. सुदैवाने सर्व प्रवासी सुखरूप होते. आपण बातमी वाचून संतापलो. मीही संतापलो. पण लगेच माझे मलाच आठवले आणि मी गप्प झालो.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. एका आजारी आजींना अभ्यंग संस्कार देण्यासाठी मी मोटारसायकलवरून पाथर्डी फाट्याच्या बाजूला निघालो होतो. छातीशी ख्रिस्तप्रसादाची डबी होती. खिशातला फोन वाजला. घरच्यांचाच असेल, आजी अत्यवस्थ असतील, म्हणून एका हाताने काढला. नंबर पाहिला तोवर समोर सायकलवरचा एक शाळकरी मुलगा. ब्रेक लागला, मुलगा वाचला, तो हसून पुढे गेलासुद्धा. माझे मात्र पाय थरथरत होते. फोन एका जाहिरातीचा होता. प्रत्यक्ष प्रभू माझ्या छातीशी होता आणि माझे मन मात्र खिशात होते. पुढच्या कबुलीसंस्काराच्या वेळी मी हे पाप म्हणून सांगितले.

“पण फादर, काही घडलेच नाही, मग पाप कसले?” असे कोणी विचारील. याचे उत्तर पवित्र शास्त्रात आहे. निर्गमाच्या 21व्या अध्यायात मारक्या बैलाविषयी नियम आहे. बैलाने अचानक एखाद्याला शिंग मारले आणि माणूस दगावला, तर मालक निर्दोष. परंतु बैल मारका आहे हे मालकाला आधीच माहीत होते, लोकांनी बजावले होते आणि तरी त्याने तो बांधला नाही, तर मालक दोषी. आपल्या गावाकडच्या शेतकऱ्याला हा न्याय समजावून सांगावा लागत नाही. आज चालत्या गाडीतला फोन मारका आहे हे कोणाला माहीत नाही? माहीत असून तो मोकळा सोडला, तर घडलेल्या प्रकाराला आपण नुसते ‘नशीब’ म्हणू शकत नाही. संत थॉमस अक्वायनस निष्काळजीपणाला सुज्ञतेच्या विरोधातील दोष मानतात. निष्काळजी माणसाला कोणाचे वाईट करायचे नसते. त्याला जी काळजी घ्यायला हवी होती, ती त्याने घेतलेली नसते.

हिशेब सोपा आहे. ताशी 60 किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे 17 मीटर पुढे जाते. संदेश वाचायला तीन सेकंद लागले, तर 50 मीटर आपण डोळे मिटून गेलो. तेवढ्या अंतरात शाळेचे फाटकही येते. 2022 या एका वर्षात आपल्या देशात रस्त्यांवर 1,68,491 माणसे मृत्युमुखी पडली, अशी सरकारी नोंद आहे. 2019च्या दुरुस्तीनंतर वाहन चालवताना हातात फोन धरून बोलणे कायद्याने ‘धोकादायक वाहन चालवणे’ ठरते. ब्लूटूथ लावले की झाले, असेही समजू नका. हात मोकळे होतात, पण मन बोलण्यातच गुंतलेले असते.

ख्रिस्तसभेनेही याची दखल घेतली आहे. 2007 साली व्हॅटिकनने रस्त्यावरील मेषपालकीय कार्याविषयी मार्गदर्शन प्रसिद्ध केले. त्यात वाहनचालकांसाठी दहा आज्ञा आहेत, आणि त्यातील पहिली म्हणजे आपली पाचवी आज्ञा, मनुष्यहत्येची. यरीहोच्या वाटेवरचा चांगला शोमरोनी आठवा. त्याने जखमीला मदत केली, कारण आधी त्याने त्याला पाहिले. शेजाऱ्यावरील प्रीतीची सुरुवात पाहण्यापासून होते. रस्त्यावर समोरून येणारा सायकलवाला, भाजीची पाटी घेतलेली बाई, हेच आपले शेजारी.

म्हणून आपल्या धर्मग्रामातील प्रत्येक कुटुंबाला माझी तीन गोष्टींची विनंती आहे. पहिली, गाडी सुरू करण्यापूर्वी क्रुसाची खूण करा आणि फोन आवाज बंद करून बाजूला ठेवा. नकाशा निघण्याआधी लावा. फारच गरज पडली तर गाडी कडेला थांबवा. दुसरी विनंती आई-वडिलांना आणि घरच्यांना. मुलगा कामावरून निघाला हे माहीत असताना “कुठवर आलास?” म्हणून दर दहा मिनिटांनी फोन करू नका. काळजी वाटत असेल तर तेवढा वेळ रोझरीचे एक दशक म्हणा. तिसरी, फेब्रुवारीत बाळ येशूच्या यात्रेला मुंबई-वसईहून कसारा घाटातून आपले नातेवाईक येतात. ते रस्त्यात असताना फोन करू नका, पोहोचल्यावर तेच करतील.

आणि मला फोन केलात व मी उचलला नाही, तर रागावू नका. फादर गाडीवर आहेत असे समजा. मी पोहोचून नक्की फोन करीन.

प्रभू येशू आपल्या प्रत्येक प्रवासात आपल्यासोबत राहो, आपल्या डोळ्यांना जागे ठेवो आणि आपल्यामुळे कोणाच्याही घरी दुःख न येवो. आमेन.

ख्रिस्ताठायी आपला,
धर्मगुरू