लपवलेला टेपरेकॉर्डर

१९९८च्या ऑक्टोबरातली गोष्ट. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात, ॲबिंग्टन नावाच्या गावी, पोलिसांनी रात्री एक पांढरी पोर्शे अडवली. सायलेन्सरचा आवाज फार आणि मागच्या नंबरप्लेटवरचा दिवा बंद. गाडीत लांब केसांचा एक वादक. चौकशी दिव्यावरून सुरू झाली आणि 'कोकेन आहे का' इथवर गेली. शेवटी पावतीही फाडली नाही. पण त्या गड्याने सगळं बोलणं छोट्या टेपरेकॉर्डरवर गुपचूप टिपलं होतं. काही दिवसांनी तीच टेप घेऊन तो ठाण्यात तक्रार द्यायला गेला, तर खटला त्याच्यावरच भरला गेला.

कायदा होता यंत्राने चोरून संभाषण ऐकण्याविरुद्धचा. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २००१मध्ये चार विरुद्ध दोन मतांनी त्याची शिक्षा कायम केली. रेकॉर्डर उघडपणे समोर धरला असता तर गुन्हा झाला नसता, असं बहुमताचं म्हणणं. रात्री रस्त्यात अडवलेल्या माणसाने पोलिसाच्या नाकासमोर रेकॉर्डर धरायचा, हा सल्ला न्यायासनावरून देणं सोपं आहे.

मुख्य न्यायमूर्ती मार्गारेट मार्शल यांना हे पटलं नाही. त्या मूळच्या दक्षिण आफ्रिकेच्या. वर्णभेदाला विरोध करणाऱ्या विद्यार्थी संघटनेचं नेतृत्व केलेल्या. सत्तेपुढे एकटं उभं राहणं काय असतं, हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. १९९१मध्ये लॉस एंजेलिसला पोलीस रॉडनी किंगला मारत असताना एकाने घराच्या बाल्कनीतून हँडिकॅमवर चित्रण केलं होतं. तो माणूस आमच्या राज्यात असता, तर या निकालाप्रमाणे तोच आरोपी ठरला असता, असं त्यांनी आपल्या भिन्नमतात लिहिलं.

इथवर सगळा वाद एकाच प्रश्नाभोवती फिरत होता: गुपित कोणाचं? ते वर्तुळ मोडलं बॉस्टनच्या एका बागेत. २००७मध्ये तिथे पोलीस एकाला पकडत होते. वाटेने जाणाऱ्या तरुण वकिलाने चार हात लांब राहून, उघडपणे, मोबाइलवर चित्रण केलं. 'आवाजही येतोय का?' अधिकाऱ्याने विचारलं. हो म्हणताच बेड्या, त्याच कायद्याखाली. म्हणजे उघड धरूनही अटकेतून सुटका नव्हतीच. त्याने उलट दावा लावला, आणि २०११मध्ये संघीय अपील न्यायालयाने प्रश्नच बदलला: हे काम कोणाचं? सरकारी नोकर भर रस्त्यात सरकारी काम करतोय. ते पाहणं आणि टिपणं हा अभिव्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग, आणि त्यासाठी पत्रकार असण्याची गरज नाही. पुढच्या वर्षी बॉस्टन शहराने त्या वकिलाला १,७०,००० डॉलर देऊन दावा मिटवला.

अडवलेल्या गाडीचा प्रश्न त्याच न्यायालयापुढे २०१४मध्ये न्यू हॅम्पशरमधून आला. गंमत म्हणजे तिथे पोलिसांचं चित्रण करू पाहणाऱ्या बाईंचा कॅमेरा चाललाच नव्हता. त्या नुसता धरून होत्या. तो प्रयत्नही हक्कात बसतो, असं न्यायालय म्हणालं. मात्र अशा वेळी पोलिसाच्या जिवालाही धोका असू शकतो, म्हणून तो वाजवी कारणाने चित्रण थांबवायला सांगू शकतो, ही मेखही मारली. मला ती रास्त वाटते. २०२०मध्ये तर सार्वजनिक जागी काम करणाऱ्या पोलिसांचं गुपचूप केलेलं रेकॉर्डिंगही संरक्षित ठरलं. पोर्शेवाल्याला बावीस वर्षं उशीर झाला.

आपल्याकडे घोडं अजून पहिल्याच प्रश्नाशी अडतं. वर्ध्याच्या पोलीस ठाण्यात शेजाऱ्याशी झालेल्या भांडणाची बोलणी चालू असताना एकाने व्हिडिओ काढला, म्हणून त्याच्यावर १९२३च्या शासकीय गुपिते कायद्याखाली गुन्हा नोंदवला गेला. पोलीस ठाणं हे त्या कायद्यातलं 'निषिद्ध ठिकाण' नाही, असं सांगत उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२२मध्ये तो रद्द केला.

परवा आमच्या चौकात हवालदाराने एका पोराच्या स्कूटरची किल्ली काढून घेतली होती. 'लायसन काढ, शूटिंग काय करतोस?' पोराने मुकाट्याने मोबाइल शर्टाच्या खिशात ठेवला. पण कॅमेऱ्याचं भिंग काठावरून डोकावेल एवढा वर. धड लपवलेला नाही, धड दाखवलेला नाही.