मुलांचा प्रश्न दडपू नका



जात जन्माने चिकटते; तिच्यासाठी काही समजून घ्यावे लागत नाही. आपल्या मुलांना धम्मही केवळ जन्माने मिळाला, तर फरक काय उरला? सटाण्यातील नवदीक्षित घरांनी हा प्रश्न स्वतःला विचारलाच पाहिजे. मुलाला त्रिशरण-पंचशील पाठ येते याचा आईबापांना आनंद होतो. पण ‘खोटे का बोलू नये?’ असे त्याने विचारले, की ‘मोठ्यांना उलट बोलू नये’ म्हणून आपण त्याला गप्प बसवतो.

राहुल तथागतांचा पोटचा मुलगा. त्याने पित्याकडे वारसा मागितला. परंतु शहाणपण वारशाने देता येत नाही. खोटे बोलणाऱ्याचे जीवन कसे रिते होते, हे तथागतांनी त्याला भांड्यात उरलेले थोडे पाणी दाखवून, ते ओतून आणि भांडे पालथे घालून समजावले. मग आरशाचा दाखला दिला. कोणतेही कर्म करण्यापूर्वी, करताना आणि केल्यावर पाहावे : याने मला किंवा इतरांना इजा होते काय? येथे छडी नाही, भीती नाही. स्वतःला तपासण्याचे साधन मुलाच्याच हाती दिले आहे.

बाबासाहेबांचा शिक्षणविचार याच वाटेचा. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, काढलेल्या महाविद्यालयाला त्यांनी मिलिंदाचे नाव दिले. मिलिंद हा भिक्खू नागसेनांना प्रश्नांनी भंडावणारा राजा. उत्तरे पटली तेव्हाच त्याने मान तुकवली.

कोणी म्हणेल, उद्या मुलाने ‘धम्मच पटत नाही’ म्हटले तर? तर त्याच्याशी बोलावे. ग्रंथात आहे किंवा गुरू सांगतो म्हणून मानू नका, हे कालामांना खुद्द तथागतांनीच सांगितले. आपण वयाच्या अधिकाराने त्याचे तोंड बंद केले, तर जुनीच गुलामगिरी नव्या नावाने घरात येईल.

प्रश्न विचारणारे मूल शाळेतही टिकले पाहिजे. शाळेत जाणाऱ्या शंभर मुलांपैकी अवघी अठरा चौथीपर्यंत पोचतात, ही खंत बाबासाहेबांनी १९२७ साली मुंबई कायदेमंडळात मांडली होती. दिवस पालटले, तरी कांदा काढणीच्या दिवसांत पोराला शाळा बुडवून शेतावर नेण्याचा मोह होतो. तो आवरा. आणि संध्याकाळी वंदना झाल्यावर दहा मिनिटे मुलांना बोलू द्या, आपण ऐका.

जय भीम!